कंस पुसायचे नाहीत

अष्टमीच्या दुपारी पोरांच्या चाचणीचे पेपर बाजूला सारले, चहा घेतला आणि बाबांचं अख्खं पुस्तक एकदाचं कंपाइल करायला बसले. बटण दाबलं. एरवी स्क्रीनवर ओळी कशा धडाधड पळत जातात, पण त्या दिवशी चार पावलं गेल्या आणि थांबल्या. अमुक नावाची फाईल सापडत नाही, असं सांगून लाटेक गप्प बसलं.

‘‘सापडत नाही म्हणजे? परवापर्यंत होती की!’’ मी लॅपटॉपवरच ओरडले.

लाटेक म्हणजे पुस्तकं, प्रश्नपत्रिका वगैरे जुळवायचं सॉफ्टवेअर. एम.एस्सी. करताना शिकले आणि पुढं खोपोलीत गणिताची शिक्षिका झाल्यावर ते माझ्या हाताला चिकटलंच. आपण साधा मजकूर लिहायचा, मधूनमधून त्याला कमांड द्यायच्या आणि कंपाइल म्हणायचं, की छापायजोगं पान तयार. प्रत्येक कामाचं वेगळं पॅकेज असतं. आकृत्यांचं एक, देवनागरीचं एक, समासाचं एक. कोणकोणती पॅकेजं लागणार ते सुरुवातीलाच लिहायचं. त्यातलं एक जरी जागेवर नसलं तरी गडी पुढं सरकत नाही.

आणि त्या दिवशी पुढं सरकणं भागच होतं. बाबांचं ऑपरेशन दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होतं.

बाबा म्हणजे कर्जतच्या शाळेतले गणिताचे मास्तर. काचबिंदूनं उजवा डोळा केव्हाच गेला होता. डाव्या डोळ्याला नळीतून बघावं तेवढंच दिसायचं. पनवेलच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं, ‘‘आहे ती नजर टिकावी म्हणून ऑपरेशन करतोय. पण क्वचित असंही होतं, की आहे तीही जाते.’’ बाबांनी मान हलवली. बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर म्हणाले, ‘‘पुस्तक एकदा बघून घेतो. मग काय व्हायचं ते होऊ दे.’’ एवढंच. बाबांनी माझ्याकडे आयुष्यात दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

पुस्तक भौमितिक रचनांचं. पट्टी आणि कंपास एवढ्यावर काय काय काढता येतं, ते नववी-दहावीच्या पोरांना कळेल अशा मराठीत. रिटायर झाल्यावर ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. सुरुवातीची प्रकरणं त्यांनी छापून पाहिली होती, नंतरची नाहीच. तोवर बारीक रेघ त्यांना दिसेनाशी झाली. नुसतं पान मोठं करूनही भागेना, कारण आकृती मोठी झाली की तिचा तुकडाच त्यांच्या नळीत मावायचा. त्यांना हवी होती आटोपशीर आकृती आणि काळीकुट्ट जाड रेघ. म्हणजे सगळं पुस्तक नव्यानं जुळवायचं. तेवढ्यासाठी मी बसले होते.

मग मी हाक मारली, ‘‘अहो, लॅपटॉपला हात कुणी लावला?’’

आमचे हे शिळफाट्याला टेंपोचा धंदा करतात, साजगावच्या कारखान्यांचा माल नेतात. घरची भातशेती, त्यामुळे खंडेनवमीचं त्यांना भारी अगत्य. विळे, कोयते घासायचे, टेंपो धुवायचा, जॅक आणि पाने रॉकेलनं पुसायचे. नवमीला सगळं पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं आणि दसरा उजाडेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही.

‘‘मीच लावला,’’ हे अंगणातून म्हणाले. ‘‘नवमीचा साफ केला ना. उद्या पूजेला मांडायचा हाय त्यो पण.’’

‘‘साफ म्हणजे फडक्यानं ना?’’

‘‘वरनं फडक्यानं. आतनं पण केला. जागा भरली, जागा भरली म्हणून कवाधरनं बोंबलत व्हता. मंग ज्या फाईली कुणी उघडतच नाय, त्या काढल्या.’’

‘‘आणि तो कचऱ्याचा डबा? स्क्रीनवरचा?’’

‘‘त्यो पण रिकामा केला. घरात कचरा ठेवून नवमी करायची काय गं?’’

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. कुणी उघडत नाही म्हणे! घराचा पाया कोण उघडून बघतं? म्हणून काय तो काढून टाकायचा? मी हे मोठ्यानं बोलले, शिवाय आणखीही पुष्कळ बोलले. ते ओला बोळा हातात घेऊन उंबऱ्यात उभे राहिले. ‘‘मला काय ठाव गं. कामाचं असंल तर वर नाव तरी लिवायचं,’’ एवढंच म्हणाले. चेहरा मात्र पार उतरला होता. शिळफाट्याच्या कॉम्प्युटरवाल्याला त्यांनी लगेच फोनही लावला. त्यानं विचारलं, नंतर लॅपटॉपवर काही भरलंत का? आमच्या ह्यांनी नवरात्राचे सगळे व्हिडिओ भरले होते. मग अवघड आहे, म्हणाला.

बरं, रडत बसून काय होणार होतं? मी पदर खोचला. पोरांना मी वर्गात बजावते, उत्तर चुकलं तर शेवटची ओळ खोडू नका, पहिली चुकलेली पायरी शोधा. एररचंही तसंच. खाली दहा-वीस तक्रारी असतात, पण त्या सगळ्या पहिल्या तक्रारीची पिलावळ. पहिली वाचायची. ती म्हणाली समासाचं पॅकेज नाही. नेटवरून आणलं. पुन्हा कंपाइल. आता रंगाचं नाही. आणलं. मग आकृत्यांचं. तेही आणून जागेवर ठेवलं, तरी याचं आपलं तेच, सापडत नाही! समोर ठेवलंय, डोळे फुटले काय तुझे, म्हणून मी त्याला शिव्या घातल्या. मग लक्षात आलं, हा स्वतः कपाट उघडून बघतच नाही, कपाटात काय काय आहे त्याची जुनी नोंद वाचतो. ती नोंद ताजी करायला सांगितल्याबरोबर सापडलं. संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत मी एकेक करत बरीच वाट चालून गेले. जमतंय म्हणता म्हणता पुढची ओळ आली.

‘फळा’ नावाची फाईल सापडत नाही.

सवयीनं मी नेटवर ‘फळा’ शोधायला गेले. तिकडून उत्तर आलं, असं पॅकेज नाही. नसणारच ना! ते जगात कुणी केलेलंच नव्हतं. ते मी केलं होतं.

बाबा फळ्यावर जशा आकृत्या काढायचे, तशाच पुस्तकात उतराव्यात म्हणून मी स्वतः लिहिलेल्या कमांड त्या फाईलीत होत्या. बाबांचा एक कायदा होता, कंस पुसायचे नाहीत. रेषाखंडाचा लंबदुभाजक काढताना कंपासनं दोन्ही टोकांकडून कंस मारतात, ते एकमेकांना छेदतात आणि त्या छेदांतून रेघ जाते. काही मास्तर रेघ आली की कंस पुसून आकृती चकाचक करायला लावतात. बाबा असा पेपर फेकून द्यायचे. ‘‘कंस नाहीत म्हणजे तू अंदाजानं काढलंस. कुठून आलास ते दिसू दे,’’ म्हणायचे. तयार पॅकेजांतून असे कंस हवे तसे येईनात, म्हणून दोन वर्षं खपून मी ‘फळा’ लिहिला होता. कुठूनही सापडावा म्हणून तो लाटेकच्या खोलातल्या फोल्डरमध्ये ठेवला होता. प्रकरणं पेनड्राइव्हवर माझ्याबरोबर फिरत राहिली. फळा तिथंच राहिला आणि नवमीच्या केरात गेला.

नवमीला सकाळी लॅपटॉप पाटावर होता, झाकणावर हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. मी तो फुलासकट उचलला.

‘‘अगं, अगं! आज हात नाय लावायचा!’’ हे कळवळले.

‘‘तुम्ही काल लावलात ना? मग आज मी लावते,’’ म्हटलं आणि स्कूटी काढली. पळसदरीच्या रस्त्यानं दोन्ही बाजूंना भात पिवळं पडायला लागलं होतं. कुठंच कुणी शेतात नव्हतं. सगळ्यांचे विळे घरी पूजेला बसले होते.

कर्जतला बाबांच्या घरीही पाट मांडलेला होता. त्यावर शाळेचा लाकडी कंपास, लाकडी गुण्या, हातभर लांब पट्टी. रिटायर होताना शाळेनं त्यांना हेच दिलं होतं, शाल-श्रीफळाऐवजी त्यांनीच मागून घेतलं होतं. नवमीला त्या कंपासाला हात नाही म्हणजे नाही. शाळेत असतानाही त्या दिवशी ते आकृती काढायचे नाहीत, तोंडीच शिकवायचे. लहानपणी एकदा नवमीला मी नुसती माझी छोटी कंपासपेटी उघडली होती, तर ती त्यांनी कपाटावर ठेवून दिली होती. म्हणून मी ठरवूनच आले होते, आज तोंडी विचारून घ्यायचं.

काय झालं ते सांगितलं. बाबा झोपाळ्यावर बसले होते. ऐकून घेतलं. ह्यांच्याबद्दल एक वावगा शब्द काढला नाही.

‘‘प्रकरणं आहेत ना?’’

‘‘आहेत. आकृत्या काढणारी फाईल तेवढी नाही. परत लिहीन मी. पण काय काय लिहिलं होतं ते धड आठवत नाही. तुम्ही एकेक रचना नुसती तोंडानं सांगा. उद्या सकाळी कंपास उचललात की—’’

‘‘उद्या दुपारी झेरॉक्सवाला बंद करेल. मग छापणार कधी?’’

बाबा उठले. भिंतीला हात लावत पाटापर्यंत गेले, खाली बसले. कंपासावरचं फूल चाचपून काढलं, बाजूला ठेवलं आणि कंपास उचलला.

आई आतून धावतच आली. ‘‘अहो! नवमी आहे आज!’’

‘‘माहीत आहे मला.’’

‘‘उद्या उचला ना. एवढी वर्षं पाळलंत.’’

‘‘पूजा झाली, नैवेद्य झाला. आता देवाला रागवायचं तर रागवू दे,’’ बाबा म्हणाले. ‘‘खडू कुठं ठेवलेत? दे इकडे.’’

डॉक्टरांसमोर मान हलवणारा हा माणूस आतून किती घाबरलाय, हे मला त्या क्षणी कळलं. आईलाही कळलं असणार. तिनं फडताळातून खडूचा खोका काढला.

मी लॅपटॉप उघडला. लाटेकवर एक उपाय आहे, तो फार थोडे जण करतात. जी फाईल नाही, त्याच नावाची एक रिकामी फाईल करून ठेवायची. मग ते फसून पुढं जातं आणि त्या फाईलीतली पहिली कमांड जिथं लागते, तिथं अडतं. ही कमांड मला माहीत नाही, म्हणतं. म्हणजे काय हरवलंय ते तेच आपल्याला सांगतं, एकेक करून. मी रिकामा ‘फळा’ केला आणि बटण दाबलं.

‘‘काय म्हणतोय?’’ बाबांनी विचारलं.

‘‘लंबदुभाजक माहीत नाही म्हणतोय.’’

‘‘माहीत नाही? शिकवू त्याला,’’ म्हणाले आणि फरशीवर गुडघे टेकून बसले.

गुळगुळीत फरशीवर कंपासाचं टोक सटकायला लागलं. आईनं साडी सावरली आणि पायाचा अंगठा टोकाशी रोवला. ‘‘हं, फिरवा,’’ म्हणाली. बाबांनी फिरवला. नजरेनं नाही, हातानं. टोक कुठं टेकवायचं ते बोटांनी चाचपून घ्यायचे आणि मग त्यांचा हात असा सर्रकन फिरायचा, की मला माझा आठवीचा वर्गच दिसायला लागला. आधी डावीकडून, मग तेवढंच अंतर ठेवून उजवीकडून. मी तसंच कमांडमध्ये लिहीत गेले. कंपाइल केलं. आता कोनदुभाजक माहीत नाही. मग तो. मग स्पर्शिका. आदल्या दिवशी एरर आली की डोक्यात तिडीक जायची. आता एरर आली की मला बरं वाटायला लागलं, कारण त्याचा अर्थ मागचं जमलं असा होता. जेवायला आईनं दोनदा हाका मारल्या. मधेच ह्यांचा फोन आला, ‘‘जमतंय का गं? मी येऊ का?’’ जमतंय म्हटलं. स्वर माझा अजून तिखटच होता, पण फोन मी आपटला नाही.

ऊन कलायला लागलं तसं लाटेक अडायचं थांबलं. ओळी धडाधड पळत गेल्या आणि पुस्तक तयार झालं. पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत. मी टाळीच वाजवली. सगळी फरशी खडूनं भरून गेली होती. आई पुसायला फडकं घेऊन आली आणि कंसांकडं बघत तशीच उभी राहिली. मग परत गेली.

दसऱ्याला सकाळी हे स्वतः टेंपो घेऊन कर्जतला हजर, बॉनेटला झेंडूचा हार. झेरॉक्सवाला त्या दिवशी लवकरच शटर ओढत होता. ह्यांनी त्याला बोलण्यात गुंतवला, मी छापून घेतलं. अंगणात खुर्ची टाकली. बाबांनी आपट्याचं पान खिशात ठेवलं, भिंग हातात घेतलं आणि डावा डोळा पानाला भिडवला.

ते फार हळू बघत होते. बोटभर कागद, मग पुढचा बोटभर. पहिलं पान, मुखपृष्ठ. मग मजकूर. मग लंबदुभाजकाच्या आकृतीवर थांबले. आम्ही तिघं जवळ उभे होतो. आता बाबा काय म्हणतील, शाब्बास म्हणतील, की डोळे पुसतील, असं माझं आपलं काय काय चाललं होतं.

‘‘हा कंस कुठं थांबलाय?’’

‘‘छेदनबिंदूवर,’’ मी म्हटलं.

‘‘का?’’

‘‘का म्हणजे? तिथं छेद झाला, संपलं काम.’’

‘‘पण कंस मारताना तुला काय माहीत, छेद कुठं येणार ते? माहीत नसतं म्हणून तर कंस लांब मारायचा. हा बरोब्बर बिंदूवर थांबलाय म्हणजे कुणीतरी उत्तर आधी बघितलंय. पोरं हसतील.’’

‘‘बाबा!’’ मी जवळजवळ किंचाळलेच. ‘‘रक्त आटवलंय मी! उद्या तुमचं ऑपरेशन, आणि तुम्हाला कंसाची लांबी सुचतेय?’’

‘‘मग कधी सुचायला हवी?’’ म्हणाले. हे तोंडावर हात धरून हसत होते. मलाही हसू फुटलं. बाबांनी पान उलटलं नाही. दिवसभर ते तेवढं एकच पान परत परत बघत बसले, त्यात असलेला कंस आणि त्याचा नसलेला पुढचा तुकडा. संध्याकाळी मी ‘फळा’ उघडून एक आकडा वाढवला. त्या एका आकड्यानं पुस्तकातले सगळे कंस लांब झाले. पण छापायला दुकान उघडं नव्हतं.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी हात राखून काही केलं, असं मी म्हणणार नाही. पण पट्टी निघाली तेव्हा बाबांना फक्त उजेड कुठून येतो तेवढं कळत होतं. पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, आता एवढंच. परतीच्या वाटेवर आई खिडकीकडं तोंड करून रडत होती. मी ह्यांच्या शेजारी बसून समोर बघत होते. मला फार राग आला होता, पण कुणावर ते कळत नव्हतं.

घरी येऊन झोपाळ्यावर बसल्यावर बाबा म्हणाले, ‘‘ते कंस दुरुस्त केलेस का?’’

‘‘केले.’’

‘‘छापलंस?’’

‘‘हो. बरोबरच आणलंय.’’

‘‘दाखव.’’

मी हातात पान धरून उभी. दाखव म्हणजे कसं दाखवू? आईनं तोंडाला पदर लावला. मी बाबांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. ते थट्टा करत नव्हते आणि त्रागाही करत नव्हते. वहीला सही करायला हात पुढं करावा तसा त्यांनी हात पुढं केला होता.

मी जमिनीवर बसले. आईची गोधडी घडी करून घेतली, पान तिच्यावर पालथं घातलं. शाळेच्या पिशवीतून कर्कटक काढलं. लंबदुभाजकाची आकृती उलटून धरली तरी तीच राहते. मागून उमटलेल्या जाड रेघांवर मी कर्कटकाचं टोक दाबत एकेक कंस फिरवला, बिंदूपाशी न थांबता पुढं नेला. पान सुलटं केलं. कंस वर उठून आले होते.

बाबांचं बोट कागदावर टेकलं. आधी रेषाखंडाचं टोक शोधलं. मग कंस सापडला. कंसावरून बोट हळूहळू सरकत छेदापाशी आलं, क्षणभर थांबलं आणि मग तसंच पुढं गेलं.

‘‘हं,’’ बाबा म्हणाले. ‘‘आता बरोबर. पुढची आकृती?’’

मी पुढचं पान उलटं करून गोधडीवर ठेवलं.